डाव्या हातचा मळ नव्हे: होल्स्टर घेताना आणि उलट्या हाताने पिस्तूल काढायला शिकताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी जुलैत दादर स्टेशनच्या ओल्या जिन्यावरून घसरलो आणि उजवं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेलं. घरी परवान्याचं .३२ बोरचं (बोर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) रिव्हॉल्व्हर आहे आणि त्याचं होल्स्टर, म्हणजे पट्ट्याला लावायचं म्यान, उजव्या कमरेला, जरा मागच्या बाजूला लागतं. एका दुपारी कुतूहल म्हणून रिकामं रिव्हॉल्व्हर त्यात घालून डावा हात पोचतो का ते पाहिलं. पाठीमागून हात वळवला तर बोटं मुठीला जेमतेम टेकली, तीही उलटी. कसंबसं उपसलं तेव्हा नळी माझ्याच मांडीवरून फिरून गेली. इतकी वर्षं नेमबाजीच्या रेंजवर जातोय, पण हा प्रयोग कधी केलाच नव्हता. प्लास्टर निघेपर्यंत रिव्हॉल्व्हर लॉकरमध्येच ठेवलं, तेवढं शहाणपण मात्र सुचलं.

चूक कधी होते असं विचारलं तर नवीन माणूस म्हणतो, घाईत काढताना. माझं मत वेगळं आहे. जास्त गडबड होते ती परत ठेवताना. काढताना माणूस सावध असतो, ठेवताना मनाने ते काम संपलेलं असतं. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे जुहूला अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली, ती ते कपाटात ठेवताना हातातून पडून, असं बातम्यांत आलं होतं. म्हणून होल्स्टर घेताना पहिला प्रश्न हा विचारा: यात पिस्तूल परत घालताना काय होईल?

मऊ होल्स्टर

ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळणारं, ‘सगळ्या पिस्तुलांना बसतं’ असं लिहिलेलं नायलॉनचं होल्स्टर घेऊ नका. पिस्तूल काढलं की त्याचं तोंड मिटतं. मग एका हाताने तोंड उघडायचं आणि दुसऱ्याने पिस्तूल आत कोंबायचं, म्हणजे आपलाच हात नळीसमोर. जुनं चामडंही असंच दगा देतं. घामाने मऊ पडलेली कड आत दुमडते आणि पिस्तूल दाबलं की बोटासारखी ट्रिगरवर चढते. कड दुमडायला लागली की ते होल्स्टर निवृत्त करा, कितीही आवडतं असलं तरी.

चांगल्या होल्स्टरचं तोंड उघडं राहतं आणि ट्रिगरगार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी, पूर्ण झाकला जातो, बाहेरून बोट आत जाता कामा नये. घरी पारख सोपी आहे. पिस्तूल रिकामं करा, दोनदा तपासा, होल्स्टरमध्ये घाला आणि गादीवर उलटं धरून हलवा. पडलं तर ते होल्स्टर नव्हे, खिसा आहे.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. ९ एमएम हा प्रतिबंधित बोर, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारा, त्यामुळे सामान्य परवानाधारकाकडे बहुधा .३२ असतं. परदेशी व्हिडिओत दिसणारी कायडेक्सची (एक कडक प्लास्टिक) होल्स्टर त्या त्या मॉडेलच्या साच्यावर बनतात. त्यात कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर खुळखुळतं किंवा त्याचं जाडजूड सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) अडकतं. आपल्या हत्याराच्या मापाचंच घ्या. त्यासोबत जाड, ताठ कमरपट्टा लागतो. ऑफिसच्या पातळ पट्ट्यावर होल्स्टर लोंबकळतं आणि काढताना पिस्तुलासकट वर येतं.

मुंबईची हवा हा वेगळाच शत्रू. मे महिन्यात कमरेचा घाम आणि पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या! चामडं ओल धरतं, त्याला बुरशी येते आणि आतल्या लोखंडाला गंज चढतो. रात्री पिस्तूल होल्स्टरमध्येच ठेवून झोपू नका. पुसा, तेलाचा हात फिरवा, वेगळं ठेवा.

उलट्या हाताचा सराव

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे वेग. उजव्या कमरेवरचं पिस्तूल डाव्या हाताने काढलं की ते हातात उलटं येतं. ते सरळ करण्यासाठी गुडघ्यांत धरायचं, पोटाशी टेकवून फिरवायचं, असल्या करामती लोक स्वतःच्या मनाने करतात. प्रत्येकीत नळी मांडीवरून किंवा पोटावरून जाते. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. हे प्रशिक्षकासमोर, रिकाम्या हत्यारानेच शिका.

त्यापेक्षा जागा बदलता येते का बघा. कमरेच्या पुढच्या बाजूला लावलेलं होल्स्टर दोन्ही हातांना पोचतं. तोटा असा की बसल्यावर नळीचा रोख नको तिथे असतो आणि पोट सुटलेलं असेल (माझं आहे) तर मूठ फासळीत टोचते. अशा जागी परत ठेवण्याची सुरक्षित रीत म्हणजे होल्स्टर पट्ट्यातून काढायचं, पिस्तूल त्यात घालायचं आणि मग दोन्ही मिळून कमरेला लावायचं. हे हळू आहे, पण ठेवायची घाई कुणाला असते?

कपड्यांकडे दुर्लक्ष ही पुढची चूक. बुशशर्ट एका हाताने वर करता येतो, लांब झब्बा नाही. त्याचा बोळा होतो आणि परत ठेवताना तोच पिस्तुलाबरोबर आत जातो. टी-शर्टची कड, जॅकेटची दोरी, सगळं बघून बाजूला करा. बघितल्याशिवाय ठेवू नका.

बोटाचंही ऐका. एका हाताने शर्ट घट्ट पकडला की दुसऱ्या हाताची बोटंही नकळत आवळतात. म्हणून पिस्तूल लक्ष्यावर येईपर्यंत बोट ट्रिगरगार्डच्या बाहेर, फ्रेमला लागून सरळ हवं. घोडा न चढवता रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर ओढायला जोर लागतो, डाव्या हाताला तर जास्तच, आणि नळी हलते. (मुंबईत ‘घोडा’ म्हणजे अख्खं पिस्तूल, पण इथे मी हॅमरबद्दल बोलतोय.) पिस्तुलाचा सेफ्टी लिव्हर (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला खटका) बऱ्याचदा उजव्या अंगठ्याच्या सोयीने बसवलेला असतो. डाव्या हातात तो कसा पोचतो हे आधी शांतपणे पाहून घ्या.

फ्लॅटमधला सराव

आपल्या इमारतींतल्या आतल्या भिंती बऱ्याचदा चार इंची असतात आणि पलीकडे शेजाऱ्याचं पोर अभ्यास करत असतं. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. रोख वाळूने भरलेल्या बादलीकडे ठेवा; टीव्हीकडे किंवा आरशाकडे नको. खिडकीचा पडदा ओढा, नाहीतर समोरच्या इमारतीतून कुणीतरी ११२ फिरवेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

बाहेर नेण्याबद्दल थोडक्यात. आर्म्स रूल्स २०१६ नुसार सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात असायला हवी. ती परजली तर परवाना जाऊ शकतो. आर्म्स ॲक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेफिकीर किंवा आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराने जीव धोक्यात आला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गर्दीच्या लोकलमध्ये आणि गणपतीच्या मिरवणुकीत मी स्वतः नेत नाही. तिथे पिस्तुलावर ताबा राहतो असं म्हणणारा माणूस सहा वाजता अंधेरीला चढलेला नसावा.

राहिली एक चूक, आणि ती मुरलेले लोकही करतात. सराव संपतो, काडतुसं भरली जातात आणि मग ‘अजून एकदाच’ म्हणून हात कमरेकडे जातो. मी दहा वेळा मोजून करतो, मग मोठ्याने ‘सराव संपला’ म्हणतो आणि पिस्तूल रिकामंच लॉकरमध्ये ठेवून चहा टाकायला स्वयंपाकघरात जातो. बायको हसते. हसू दे.