काळ्या रानात फणस

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात बांधावर टाकलेल्या फणसाच्या आठळीचंही झाड होतं. तोच फणस त्याच जिल्ह्यातल्या काळ्या, कोरड्या रानात, अथणी, रायबाग, सौंदत्तीकडे लावला की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जातो, आणि दोष उन्हाला दिला जातो. फणस ऊन सोसतो. त्याला मारतं ते पावसाळ्यात मुळाशी साचलेलं पाणी आणि चैत्र-वैशाखातला कोरडा वारा.

काळ्या जमिनीत नुसता खड्डा काढून त्यात भुसभुशीत माती भरली, की तो खड्डा हौद होतो. भोवतालच्या चिकण मातीतून पाणी झिरपत नाही, सगळं खड्ड्यात उतरतं आणि मुळं कुजतात. म्हणून एप्रिलमध्ये ३ फूट लांब, रुंद, खोल खड्डा काढून तापू द्या. भरताना वरच्या थरातली माती, तिच्या निम्मा मुरूम, २० ते २५ किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि १ किलो निंबोळी पेंड घाला. भरण जमिनीच्या वर दीड फूट येऊ द्या, माती बसली तरी फूटभर उंचवटा राहतो. उताराच्या बाजूला चर काढा. घराच्या भिंतीपासून २५ फूट तरी लांब राहा.

कलम ३-४ वर्षांत फळ देतं, आठळीचं झाड ७-८ वर्षं घेतं, शिवाय काप्याच्या (कडक गऱ्यांच्या फणसाच्या) आठळीतून बरकाही (मऊ, बुळबुळीत गऱ्यांचा) निघू शकतो. तरीही पाणी कमी असेल तर आठळी जागेवरच लावावी, कारण तिचं सोटमूळ न दुखावता खोल जातं. आठळी ताजीच हवी, वाळली की उगवत नाही. तीन लावा, जोमदार रोप ठेवा, बाकीची उपटू नका, कापून टाका. कलम लावायचं तर मृगाची घाई नको, पुनर्वसू-पुष्यात चांगला ओलावा झाल्यावर लावा. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका आणि कलमाचा जोड जमिनीच्या वर ठेवा.

वाऱ्यासाठी पश्चिम-नैऋत्येला शेवरी किंवा शेवग्याची दाट ओळ आधीच लावा. पहिले दोन उन्हाळे ५० टक्के सावलीची जाळी बांधा.

पहिल्या उन्हाळ्यात दर तिसऱ्या दिवशी १० लिटर, दुसऱ्यात पाच दिवसांनी २५, तिसऱ्यात आठवड्याला ४० लिटर, असा साधारण हिशेब. चार बोटं खाली माती मुठीत वळत असेल तर थांबा. आळं दरवर्षी फांद्यांच्या टोकापर्यंत सरकवा, पाणी खोडाला लागू नये. आळ्यात उसाच्या पाचटाचा ४ ते ६ इंच थर द्या. काळी माती भेगाळली की मुळं तुटतात, ते पाचटाने टळतं. वाळवी चढू नये म्हणून खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर चुनखडीमुळे झाडाला लोह मिळत नाही. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस घालून सकाळी फवारा. पानांच्या कडा करपल्या तर वारा किंवा बोअरचं खारं पाणी, यातलं एक कारण बहुधा असतं. पाणी खारं असेल तर पावसाचं साठवून द्या. ओल असूनही झाड मलूल पडलं, तर पाणी ताबडतोब बंद करून आळं फोडा.

फळं खोडावर आणि जाड फांद्यांवर धरतात, म्हणून तिथले आखूड फुटवे छाटू नका. बोटाएवढे फुलोरे काळे पडून गळतात ते नर असतात, त्यावर औषध मारायची गरज नाही. पहिल्या बहराला एक-दोनच फळं ठेवा, बाकीची कोवळी असतानाच भाजीला काढा.