घर संपादनात जात असेल तर आधी पंचनामा बघा

सरकारी भूसंपादनाची नोटीस घरी आली की सगळे पहिला प्रश्न विचारतात, गुंठ्याला किती मिळणार? मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. रस्त्यांसाठी आणि धरणांसाठी संयुक्त मोजण्या केल्या, म्हणजे प्रकल्पाच्या माणसाबरोबर जागेवर जाऊन केलेल्या मोजण्या. आता निवृत्तीनंतर कणकवली-कुडाळकडच्या लोकांना कागद लावून देतो. माझं सांगणं असं, की गुंठ्याच्या दराआधी घराच्या पंचनाम्याकडे लक्ष द्या. दर नंतरही वाढवून मागता येतो. पंचनाम्यात न आलेली पडवी किंवा विहीर नंतर सिद्ध करणं फार कठीण जातं, कारण तोवर त्या जागेवरून जेसीबी फिरलेला असतो.

नोटीस हातात आली की ती कोणत्या कायद्याखाली निघाली ते वाचा. मुंबई-गोवा महामार्गासारख्या कामांना राष्ट्रीय महामार्ग अधिनियम 1956 लागतो. तिथे अधिसूचनेपासून 21 दिवसांत हरकत द्यावी लागते. धरण, राज्याचा रस्ता वगैरेंसाठी बहुधा 2013 चा भूसंपादन कायदा असतो, जो 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्यात प्राथमिक अधिसूचनेवर हरकतीला 60 दिवस मिळतात. शेजाऱ्याला दोन महिने मिळाले म्हणून आपल्यालाही मिळतील, असं धरून बसू नका. मोबदल्याच्या हिशेबाची तत्त्वं मात्र 2015 पासून महामार्गालाही 2013 च्या कायद्याचीच लागतात.

मग कागद. आमच्याकडे सातबाऱ्यावर अजून आजोबांची, पणजोबांची नावं असतात, निम्मे हिस्सेदार मुंबईला असतात आणि घर एकाच भावाने बांधलेलं असतं. वारस नोंदीचा अर्ज आजच तलाठ्याकडे द्या. गावठाणात घर असेल आणि मिळकत पत्रिका झाली असेल तर तिचा उतारा काढा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा (घरपट्टी आकारणीचा) उतारा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिल, बांधकाम परवानगी असेल तर तीही जवळ ठेवा. जमीन सामाईक आणि घर एकाचं असेल तर तसं सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र आधीच करून घ्या. गावी येऊ न शकणाऱ्या चाकरमान्यांकडून कुळमुखत्यारपत्र घ्या. घरात वाद राहिला की पैसे वाटपाच्या दाव्यासाठी दिवाणी न्यायालयात किंवा भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जातात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. भावाभावांत बोलणं बंद असलं तरी या एका कागदापुरतं तरी एकत्र बसा.

आता संयुक्त मोजणी. त्या दिवशी घरातलं जाणतं माणूस जागेवर हवंच. भूकरमापक हद्दीच्या खुणा दाखवील, प्रकल्पाचा माणूस संपादनाची रेषा दाखवील. रेषा घराच्या नेमकी कुठून जाते ते त्यांच्यासमोर टेप धरून बघा, फोटो काढा. मग पंचनामा. ओसरी, पडवी, मागची न्हाणी, गोठा, मांगर, खळं, चिऱ्यांचा गडगा, विहीर, पंप, पाण्याची टाकी, शौचालयाचा खड्डा, तुळशीवृंदावन, फाटक, असं एकेक बोट दाखवून लिहायला लावा. भिंत चिऱ्याची की मातीची, छपराला मंगलोरी कौलं की पत्रे, वासे सागाचे की माडाचे, हेही लिहिलं गेलं पाहिजे, कारण बांधकाम विभाग मूल्यांकन याच वर्णनावर करतो. झाडांचं तसंच. ‘आंबा 3’ एवढं पुरत नाही. हापूस कलम की रायवळ, वय किती, फळ धरतं का, हे हवं. एका आजीने यादी वाचून झाल्यावर विचारलं होतं, “माझी बाव खंय गेली?” विहीर खरंच राहिली होती. तिने विचारलं म्हणून ती जागेवरच लिहिली गेली.

अर्धवट पंचनाम्यावर सही मागितली तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: ‘अमुक बाबी नोंदलेल्या नाहीत, हरकत राखून सही.’ दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टीचा अर्ज फोटोंसह देऊन पोच घ्या. तोंडी आश्वासन कोणत्याही फाईलला लागत नाही. मोजणी नकाशाची आणि मूल्यांकन अहवालाची नक्कल मागा. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.

हिशेब कसा होतो ते बघू. जमिनीचा बाजारभाव काढताना रेडीरेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर आणि आधीच्या तीन वर्षांतल्या जवळपासच्या खरेदीखतांतून वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यांतला जास्त दर घ्यायचा असतो. ती खरेदीखतं तुम्हीही शोधा. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर सूची-2, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, दिसते. या भावाला गुणकाने गुणतात. ग्रामीण भागात तो 1 ते 2 असू शकतो. तुमच्या प्रकल्पाला कोणता लावला आणि कोणत्या अधिसूचनेने, हे लेखी विचारा. त्यात घर, विहीर, झाडं यांची किंमत मिळवायची आणि होणाऱ्या बेरजेइतकीच दिलासा रक्कम आणखी द्यायची.

समजा जमिनीचा भाव 8 लाख, घर-विहीर-झाडं 14 लाख. गुणक 2 असेल तर 16 अधिक 14, म्हणजे 30 लाख, आणि दिलाशासह 60 लाख. गुणक 1 असेल तर 44 लाख. शिवाय बाजारभावावर ठरावीक काळाचे वर्षाला 12 टक्के वेगळे. दिलासा रक्कम घराच्या किमतीवरही मिळते, फक्त जमिनीवर नाही. म्हणून पंचनाम्यात सुटलेल्या 1 लाखाच्या गोठ्यामागे 2 लाखांचं नुकसान होतं. मूल्यांकनात घसारा (जुनेपणामुळे धरलेली घट) वजा केला असेल तर किती आणि कशाच्या आधारे, हेही विचारा.

घराची एक खोलीच जात असेल तर आणखी जपा. 2013 च्या कायद्याच्या कलम 94 नुसार संपूर्ण घर संपादित करा अशी मागणी मालक करू शकतो. महामार्गाच्या प्रकरणात उरलेल्या भागाचं नुकसान आणि राहती जागा बदलण्याचा खर्च मोबदल्यात धरायचा असतो. तो दाव्यात मागा. घर जाणाऱ्या बाधित कुटुंबाला पुनर्वसनाचे हक्क वेगळे आहेत: विस्थापन झालं तर घर, वर्षभर महिना 3,000 रुपये, सामान हलवायला 50,000 रुपये, गोठा किंवा लहान दुकानासाठी किमान 25,000 रुपये. पैशाच्या निवाड्याबरोबर, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाबरोबर, पुनर्वसनाचा निवाडाही मागा.

थेट खरेदीचा किंवा संमतीने निवाड्याचा प्रस्ताव आला तर सही करण्याआधी हिशेब स्वतः मांडून बघा. रक्कम मान्य करून सही केली की वाढीव मोबदल्याचा रस्ता जवळपास बंद होतो.

निवाडा झाला, रक्कम कमी वाटते, तरी पैसे नाकारायची गरज नाही. उचला, पण पावतीवर आणि स्वतंत्र अर्जातही ‘निषेध नोंदवून, वाढीव मोबदल्याचा हक्क राखून रक्कम स्वीकारत आहे’ असं लिहा. 2013 च्या कायद्यात हे न लिहिता पैसे घेणाऱ्याला कलम 64 खाली दाद मागता येत नाही. कलम 64 चा अर्ज निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. महामार्गाच्या निवाड्याविरुद्ध केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जायचं. शेजाऱ्याला प्राधिकरणाने जास्त दर दिला तर त्याच अधिसूचनेतल्या इतरांना 2013 च्या कायद्याच्या कलम 73 खाली तीन महिन्यांत तोच दर मागता येतो. म्हणून वाडीतल्या सगळ्यांच्या केसचे नंबर एका वहीत असू द्या. निवाड्याच्या रकमेवर कलम 96 नुसार प्राप्तिकर नाही. मोबदला देताना टीडीएस कापला तर हे कलम दाखवा.

ताबा देताना, 2013 च्या कायद्यात पूर्ण मोबदला दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही, हे लक्षात असू द्या. पैसे खात्यात आले की लोक कागदपत्रं बांधून माळ्यावर टाकतात. तसं करू नका. कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाची भूमी अभिलेखची नोंद) झालं का, उरलेलं क्षेत्र सातबाऱ्यावर बरोबर आलं का, नकाशात नवी हद्द उमटली का, हे तलाठी आणि भूमी अभिलेख अशा दोन्ही कार्यालयांत जाऊन बघा. रस्ता पुन्हा रुंद करायची वेळ आली की मोजणी याच नोंदीवरून सुरू होते.