शब्द ओळखता येतो, तोंडात मात्र येत नाही

वाचताना 'रिलक्टंट' लगेच समजतो, पण हिंजवडीतल्या इंटरव्ह्यूत बोलायची वेळ आली की 'डझ नॉट वाँट'वरच गाडी अडते. अडचण ही असेल तर नवे शब्द पाठ करणं थांबवा. अप्पा बळवंत चौकातून आणखी एक जाडजूड शब्दसंग्रह तर मुळीच आणू नका.

गोची उजळणीच्या दिशेत असते. वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. अर्थ झाकायचा आणि 'येतंय, येतंय' म्हणत पान उलटायचं. यात फक्त ओळखण्याचा सराव होतो. बोलताना आधी मनात आशय येतो आणि त्यासाठी शब्द शोधावा लागतो. नेमकी हीच दिशा कधी घोटलेली नसते, म्हणून वह्या भरल्या तरी जीभ अडते. अंकी या उजळणीच्या कार्डांच्या ॲपमध्येही तेच. तिथलं 'बेसिक' कार्ड एकाच बाजूने विचारतं.

तेव्हा कार्ड उलटं करा. पुढच्या बाजूला सुटा अर्थ नको, प्रसंग लिहा: 'घरमालक डिपॉझिट परत द्यायला आढेवेढे घेतोय.' मागे अख्खं वाक्य: 'द लँडलॉर्ड इज रिलक्टंट टू रिटर्न द डिपॉझिट.' आधी मोठ्याने म्हणा, मगच मागे बघा. मनातल्या मनात म्हटलेलं धरायचं नाही. पाच सेकंदांत आलं नाही तर चूक. आलं तर कर्ता बदलून, भूतकाळ करून, प्रश्न करून आणखी तीन वाक्यं म्हणा. 'टू'पुढे 'रिटर्न' येतो, 'रिटर्निंग' नाही, हे त्यातच अंगवळणी पडतं.

शब्द एकटा घेतला की मराठी आपली वाट काढते. 'विषयाबद्दल चर्चा' डोक्यात असते म्हणून 'डिस्कस अबाउट', 'मला समजाव' म्हणून 'एक्सप्लेन मी'. 'डिस्कस द प्लॅन', 'एक्सप्लेन इट टू मी' असं जोडूनच लिहा.

रोज ओळखीतले पाचच शब्द, आठवड्यातून पाच दिवस. अंकी मुळात रोज २० नवी कार्डं देतं, ते सेटिंगमध्ये ५ करा, नाहीतर महिन्याभरात उजळणीचा ढीग साचतो. वही असेल तर दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी उजळणी. समानार्थी शब्द एकाच दिवशी घेऊ नका, एकमेकांत मिसळतात. क्लासवाले तशाच याद्या वाटतात, कारण त्या छापायला सोप्या!

पहिले काही आठवडे वाक्यं कृत्रिम वाटतील, बोलण्याचा वेगही घटेल. घाबरू नका, शब्द शोधण्यात वेळ जातोच. रविवारी यादी न बघता दोन मिनिटं मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा. विषय साधा ठेवा: स्वारगेटची बस, ऑफिसातली कटकट. नंतर ऐकून आठवड्याच्या पंचवीस शब्दांपैकी किती आले ते मोजा. चार-पाच आले तरी उत्तम. महिनाभर एकदाही न आलेला शब्द कामाचा आहे का ते बघा. नसेल तर कार्ड खुशाल काढून टाका, असेल तर प्रसंग बदलून नवं लिहा.