झगमगीत घर: एकच ठसठशीत वस्तू, पण मापात

घर उठून दिसावं म्हणून सोनेरी फुलदाण्या, सोनेरी फ्रेमा आणि सोनेरी उश्या जमवू नका. त्याने घर श्रीमंत दिसत नाही, गर्दीचं दिसतं. एका खोलीत मिरवणारी वस्तू एकच: झुंबर, भलामोठा आरसा, भिंतभर चित्र किंवा गडद रंगाचा मखमली सोफा. 'प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी खास हवं' हा सल्ला कुणी दिला तर हो म्हणा आणि विसरून जा.

जागा ठरवणं सोपं आहे. दारातून आत आल्यावर नजर पहिल्यांदा जिथे जाते, ती जागा त्या वस्तूची. तिथे टीव्ही असेल तर टीव्ही हलवा.

आता माप. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने, आणि बहुतेक घरं बिघडतात तीही इथेच. दुकानाचं छत उंच असतं आणि आजूबाजूला तसल्याच वस्तू लटकत असतात, त्यामुळे तिथे डोळ्यांचा अंदाज चालत नाही. मग लोक घाबरून लहान वस्तू घेतात. भल्यामोठ्या भिंतीवरचं चिमुकलं चित्र हे चुकून मोठी आलेल्या वस्तूपेक्षा जास्त केविलवाणं दिसतं, हे माझं ठाम मत.

झुंबराचा हिशेब असा: खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून बेरीज करा, जो आकडा येईल तितके इंच व्यास. १५ बाय १२ च्या खोलीला साधारण २७ इंच. जेवणाच्या टेबलावर टांगायचं असेल तर खोली विसरा, टेबलाच्या रुंदीच्या निम्मा ते दोनतृतीयांश व्यास घ्या. तळ टेबलापासून ३० ते ३६ इंच वर. छत आठ फुटांपेक्षा उंच असेल तर वाढत्या प्रत्येक फुटाला तीनेक इंच आणखी. खालून माणसं ये-जा करणार असतील तर जमिनीपासून सात फूट मोकळे हवेतच. आठ फुटी छताखाली लोंबतं झुंबर घ्यायचा हट्ट सोडा, छताला चिकटणारं घ्या.

सोफ्यामागचं चित्र सोफ्याच्या दोनतृतीयांश ते पाऊण रुंदीचं असावं, म्हणजे ८४ इंची सोफ्यावर ५६ ते ६३ इंच. पाठीपासून सहा ते आठ इंच वर, बस. लोक चित्रं इतकी उंच का टांगतात, मला कधी कळलेलं नाही.

पैसे देण्याआधी वर्तमानपत्रं जोडून त्या मापाचा कागद भिंतीवर मास्किंग टेपने चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. दिवसा बघा, रात्री बघा, बसून बघा. झुंबरासाठी मात्र कागदाची चकती फसवते, कारण तिला जाडी नसते. तिथे तेवढाच पुठ्ठ्याचा खोका दोरीने टांगा. घरातले हसतील, हसू द्या.

आरसा घेताना तो काय दाखवणार ते आधी बघा. समोर चपलांचा रॅक असेल तर आता तुमच्याकडे दोन रॅक झाले. चार बाय सहा फुटांच्या, ५ मिलिमीटर जाडीच्या नुसत्या काचेचं वजनच २८ किलोच्या आसपास भरतं, फ्रेम वेगळी. दुहेरी टेपचा विचारसुद्धा नको. पक्क्या भिंतीत अँकर फास्टनर, म्हणजे आत फुलून घट्ट बसणारे धातूचे बोल्ट, ठोका. झुंबराचा हुकही फॉल्स सीलिंगला नाही, वरच्या स्लॅबला.

दिवे २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. पांढऱ्याफटक उजेडात पितळ आजारी दिसतं. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारं बटण, बसवणार असाल तर बल्बही डिमरवर चालणारेच आणा, नाहीतर लुकलुकतील.

धातूच्या छटा दोनच ठेवा. मखमलीवर किंवा चित्रावर थेट ऊन येत असेल तर पडदा आधी लावा. गडद रंग उन्हात लवकर उडतात.