मोल आणि मोलॅरिटीवरून द्रावणाचे आकारमान कसे काढावे?

दवाखान्यात स्टँडला टांगलेली सलाईनची ५०० मिलीची बाटली आठवा. तिच्यावर ०.९ टक्के सोडियम क्लोराइड असे लिहिलेले असते, म्हणजे १०० मिलीत ०.९ ग्रॅम मीठ, लिटरभरात ९ ग्रॅम. मोल म्हणजे पदार्थाचे कण मोजायचे एकक, जसे वस्तू मोजायला डझन. या मिठाचा एक मोल ५८.४४ ग्रॅमचा. ९ ला ५८.४४ ने भागले की ०.१५४ येते. ही झाली सलाईनची मोलॅरिटी, लिटरमागे ०.१५४ मोल.

आता उलटे विचारू. ०.०७७ मोल मीठ मिळायला किती सलाईन लागेल?

आकारमान = मोल ÷ मोलॅरिटी

०.०७७ ÷ ०.१५४ = ०.५ लिटर. अख्खी बाटली!

भागायचे की गुणायचे हे विसरलात, तर आकड्यांशेजारी एकके लिहा. मोलला ‘मोल प्रति लिटर’ने भागले की मोल उडतात, लिटर उरतो. गुणाकार केलात तर मोलचा वर्ग येतो आणि गाडी चुकल्याचे तिथेच कळते. उत्तर लिटरमध्ये येते. मिली हवे असतील तर १००० ने गुणा. पेपरात सर्वाधिक गुण इथेच जातात, असे मला वाटते.

मोलऐवजी ग्रॅम दिले असतील तर आधी मोल काढा. सोडियम हायड्रॉक्साइडचा मोल ४० ग्रॅमचा, म्हणून २ ग्रॅम म्हणजे ०.०५ मोल. त्यापासून ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) द्रावण करायचे तर ०.०५ ÷ ०.१, म्हणजे ५०० मिली.

टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरे अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत थेंबथेंब मोजून सोडताना, मात्र एक पायरी वाढते. फ्लास्कमध्ये ०.१ मोलर ऑक्झॅलिक आम्ल १० मिली आहे, म्हणजे ०.००१ मोल. ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा असलेल्या उभ्या नळीत, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. दोन्हींची मोलॅरिटी सारखी, म्हणून १० मिली पुरेल असे वाटते ना? पण या आम्लाचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो, आणि प्रत्येकासाठी एक सोडियम हायड्रॉक्साइड लागते. म्हणून ही अल्कली दुप्पट, ०.००२ मोल लागते. ०.००२ ÷ ०.१ = ०.०२ लिटर, अर्थात २० मिली. समीकरण संतुलित केल्याशिवाय भागाकाराला हात लावू नका.

आणि हो, हे आकारमान तयार द्रावणाचे, नुसत्या पाण्याचे नव्हे. ते ५०० मिली द्रावण करताना २ ग्रॅमवर ५०० मिली पाणी मोजून ओतायचे नसते. थोड्या पाण्यात विरघळवा, द्रावण गरम होईल ते निवू द्या, मग ५०० मिलीची खूण असलेल्या मोजमापाच्या फ्लास्कमध्ये ओतून खुणेपर्यंत पाणी भरा. पाण्याच्या वक्राचा तळ खुणेला टेकला की थांबा.