जुन्या वळणाचा फोटो काढायचा, तर आधी साल ठरवा

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आणि दिवाळी पहाट या दोन्ही दिवशी ठाण्यात तलावपाळी आणि राम मारुती रोडला नऊवाऱ्या, फेटे आणि नथींची गर्दी उसळते. त्यातल्या कित्येकांना पणजी-पणजोबांच्या फोटोसारखा स्वतःचा एक फोटो हवा असतो. नौपाड्यातल्या माझ्या छोट्या स्टुडिओत मी हेच काम करते. शिकायला येणाऱ्या मुलामुलींना कॅमेरा हातात घेण्याआधी मी एवढंच विचारते: कुठल्या सालचा फोटो काढायचाय?

उत्तर बहुतेक वेळा 'सेपिया' असं येतं. पण सेपिया हा फक्त रंग झाला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती 16 एप्रिल 1853 ला. त्या गाडीतल्या प्रवाशासारखा फोटो हवा असेल, तर नक्षीदार पुठ्ठ्यावरचं कार्ड चालणार नाही. तेव्हा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचे, डबीत जपून ठेवायचे डॅगेरोटाइप होते आणि ओल्या कोलोडियनची काच, म्हणजे कोलोडियन या चिकट द्रावाचा थर ओला असतानाच फोटो टिपणारी काच, नुकती, 1851 मध्ये आली होती. 1885 म्हणालात, तर अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या थरावर छापलेला अल्ब्युमेन प्रिंट आणि तो चिकटवायला साधारण 108 बाय 165 मिलिमीटरचा पुठ्ठा, म्हणजे कॅबिनेट कार्ड. 1935 म्हणालात, तर विजेचे दिवे, गोल नेसलेलं पातळ आणि ओठांवर थोडं हसू. साल पक्कं झालं की कपडे, उजेड, बसण्याची ढब, छपाई सगळं आपोआप ठरत जातं.

सगळ्यात जास्त वेळ रंगांवर घालवा. कोलोडियनच्या काचेवर निळ्या उजेडाचा परिणाम होई, लालचा जवळजवळ नाहीच. म्हणून त्या फोटोंत कुंकू काळं दिसतं, सोनं काळपट दिसतं, पिवळी साडी गडद होते आणि फिकट निळी पार पांढरी पडते. नुसतं रंग काढून टाकणारं फिल्टर लावलं, तर यातलं काहीच घडत नाही. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल, केशरी, पिवळा खाली ओढा, निळा वर न्या. यात त्वचा सावळी होते, वांग आणि पुटकुळ्या उठून दिसतात. म्हणून मेकअप हलका, पण डाग नीट झाकणारा हवा. लाल लिपस्टिक नको, ओठ काळे पडतात. उजेड दिवसाच्या रंगाचा ठेवा. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा मुळातच कमी असतो, आणि तो ताणला की फोटोवर दाणे येतात. 1935 साठी हा सगळा बदल सौम्य ठेवायचा, कारण तोवर लाल रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्म आल्या होत्या.

कपड्यांसाठी बहुतेक जण नाटकाचा कपडेपट भाड्याने देणाऱ्यांकडे धावतात. ते कपडे गडकरी रंगायतनच्या मागच्या रांगेतून शोभावेत असे शिवलेले असतात. जवळून सॅटिन चकाकतं आणि काठाची लेस उघडी पडते. शिवलेल्या नऊवारीच्या निऱ्या तर इतक्या एकसारख्या असतात की नजर तिथेच अडकते. त्यापेक्षा घरातली सुती इरकली किंवा चंद्रकळा मागा आणि नेसवायला एखाद्या आजींना बोलवा. काष्टा कसा घ्यायचा आणि पदर किती खाली सोडायचा, हे त्यांच्या हातांना ठाऊक असतं. मला या कामातला हाच भाग सर्वांत आवडतो. जुनं रेशीम मात्र घडीवर फाटतं, त्याला पिना टोचू नका. पुरुषांना पगडी, उपरणं, बंद गळ्याचा कोट. 1885 असेल तर मनगटावर घड्याळ नको, खिशातलं साखळीचं चालेल. मखमली टिकली, जेलची नखं, केसांचे रंगवलेले पट्टे आधीच बघून घ्या, नंतर खोडायला फार वेळ जातो.

उजेड एकाच बाजूने, थोडा वरून. त्या वेळच्या स्टुडिओंना काचेची छपरं असत. आपल्याला चार फुटी सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता पुरतो. 85 मिलिमीटरची लेन्स चांगली. तेव्हा काही सेकंद न हलता बसावं लागे, डोक्यामागे लोखंडी टेकू असे. मीही ट्रायपॉडवर, सतत पेटत्या दिव्यात, एका सेकंदाचं एक्स्पोजर घेते. 'हसू नका' असं सांगून जे जमत नाही, ते स्थिर राहायच्या प्रयत्नात चेहऱ्यावर आपोआप येतं. हात खुर्चीच्या पाठीवर किंवा मेजावर टेकलेले असू द्या.

डोळा तयार व्हायला जुने फोटो पाहण्याला पर्याय नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्येच स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या काळचे नामवंत छायाचित्रकार. त्यांचं आणि हरिश्चंद्र चिंतामण यांचं काम शोधून पाहा, राजा दीनदयाळ तर पाहाच. शिवाय चरई, नौपाडा, खारकर आळीतल्या जुन्या घरांत ओळख काढून आल्बम बघायला मागा. चेहऱ्यापेक्षा हात, पाय, गालिचा, पडद्याची खालची कड बघा.

छपाईच्या वेळी ठरवायचं, की फोटो त्या दिवशी स्टुडिओतून नवा मिळाला तसा हवा की शंभर वर्षांनी दिसतो तसा. सोन्याचं टोनिंग केलेला, म्हणजे सोन्याच्या क्षाराच्या द्रावणातून काढलेला नवा अल्ब्युमेन प्रिंट जांभळट तपकिरी असे, पिवळेपणा नंतरचा. तयार ओरखड्यांचे थर चढवू नका, ते लगेच ओळखू येतात. जुनेपणा दाखवायचाच तर उजळ भागातले बारकावे थोडे पुसट करा, कारण तेच आधी उडतात. प्रिंट पातळ कागदावर घ्या आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवा.

पैशांचं बोलताना साडी नेसवणाऱ्या आजींचं मानधन आणि कपड्यांचं भाडं वेगळं लिहून द्या. आगाऊ रक्कम घेण्याआधी तयार नमुना दाखवा. आपण सावळे आणि गंभीर दिसणार, हे गिऱ्हाइकाला आधी कळायला हवं. आणि प्रिंट देताना पुठ्ठ्यामागे पेन्सिलीने खरी तारीख आणि 'ठाणे' लिहा. पुढे कुणाच्या हाती तो आला, तर त्याची फसगत व्हायला नको.