झोपेत श्वास थांबत असेल तर: आधी प्रकार ओळखा, मग उपचार ठरवा

घोरणे आणि झोपेत श्वास थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि थांबणारा श्वासही दोन वेगळ्या कारणांनी थांबतो. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया या प्रकारात मेंदूकडून श्वासाचा आदेश नीट येतो, छाती आणि पोट हवा ओढण्यासाठी धडपडतात, परंतु झोपेत सैल पडलेले घशाचे स्नायू आणि मागे सरकलेली जीभ यांमुळे हवेची वाट मिटलेली असते. सेंट्रल स्लीप अ‍ॅप्नियात वाट मोकळी असते, पण आदेशच येत नाही, त्यामुळे छाती काही काळ निश्चल राहते. दोन्ही प्रकारांत रक्तातील ऑक्सिजन घसरतो, झोप पुन्हा पुन्हा तुटते आणि सकाळी माणूस थकलेलाच उठतो. म्हणून वरवर पाहता ते सारखे वाटतात. उपचार मात्र सारखे नाहीत. ठाणे आणि नवी मुंबईत श्वासाचे मशीन चार क्लिकमध्ये घरपोच मागवता येत असल्यामुळे प्रकार ठरण्याआधीच मशीन उशाशी येऊन बसते, आणि माझ्या मते आज सर्वांत मोठी चूक तीच आहे.

सुरुवात घरातून करावी. झोपलेल्या माणसाला आपल्या श्वासाचा पत्ता नसतो; तो शेजारी झोपणाऱ्याला असतो. घशाचा अडथळा बहुधा उताणे झोपल्यावर आणि स्वप्नांच्या झोपेत वाढतो, आणि ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते, म्हणून पहाटेच्या सुमारास मोबाइलवर काही मिनिटांचे चित्रीकरण करावे. चादर थोडी खाली घ्यावी, छाती आणि पोट दोन्ही दिसू द्यावेत, आणि पंख्याच्या आवाजात श्वासाचा आवाज बुडणार नाही असे पाहावे. घोरणे एकाएकी बंद होते, छाती-पोट हलत राहतात, कधी एकमेकांच्या उलट दिशेनेही हलतात, आणि मग मोठा आचका देऊन श्वास पुन्हा सुरू होतो, असे दिसले तर घशातील अडथळ्याचा संशय घ्यावा. याउलट श्वास हळूहळू खोल होत जातो, मग उथळ होतो, मग कसलीही धडपड न होता थांबतो आणि ठरावीक लयीत हेच चक्र पुन्हा सुरू होते, असे दिसले तर सेंट्रल प्रकाराचा, विशेषतः हृदय कमकुवत असलेल्या रुग्णात, विचार करावा लागतो. काहींमध्ये दोन्ही प्रकार एकत्र असतात. हे चित्रीकरण निदान नव्हे, पण ओपीडीतल्या दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा ते डॉक्टरांना अधिक सांगते. चित्रीकरणापूर्वी त्या व्यक्तीला विचारावे, आणि नंतर ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुळीच टाकू नये.

दिवसाची झोपाळलेली अवस्था मोजण्यासाठी एपवर्थ प्रश्नावली वापरतात. ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी ती 1991 मध्ये मांडली. वाचताना, टीव्ही पाहताना, तासभर गाडीतून प्रवास करताना, कोणाशी बोलत असताना अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, यासाठी 0 ते 3 गुण द्यायचे असतात. 24 पैकी 10 पेक्षा अधिक गुण झाल्यास झोपेची ओढ अवाजवी समजतात. त्यातील एक प्रसंग गाडी वाहतुकीत काही मिनिटे थांबलेली असण्याचा आहे, आणि घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना तो पडताळून पाहण्याची संधी रोजच मिळते. मात्र आपल्याकडे एक अडचण आहे. ठाणे-पनवेल लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की निम्मा डबा डुलक्या घेतो, त्यामुळे पेंगणे हा प्रवासाचाच भाग वाटू लागतो. ऐरोली-महापे भागात रात्रपाळी करणाऱ्यांच्या आणि तुर्भ्याच्या बाजार समितीत पहाटेपासून राबणाऱ्यांच्या बाबतीत अपुरी झोप हेही स्वतंत्र कारण असू शकते. म्हणून निकष जरा कडक ठेवावा: सुटीच्या आठवड्यात पुरेसे तास झोपूनही थकवा जात नसेल, तर तो केवळ कामाच्या पाळीचा दोष मानू नये.

धोका ताडण्यासाठी स्टॉप-बँग ही दुसरी प्रश्नावली आहे. मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा, श्वास थांबताना कोणी पाहिलेला असणे, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा आकडा) 35 पेक्षा जास्त, वय 50 पेक्षा जास्त, मानेचा घेर 40 सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि पुरुष असणे, असे तिचे आठ मुद्दे आहेत. त्यांपैकी पाच किंवा अधिक जुळले तर धोका मोठा धरतात. मात्र भारतीय निकषांनुसार 25 बीएमआयपासूनच लठ्ठपणा धरला जात असल्याने 35 ही मर्यादा आपल्यासाठी सैल आहे. स्त्रियांच्या बाबतीत ही यादी आणखी फसवी ठरते. रजोनिवृत्तीनंतर धोका वाढतो, पण तक्रार घोरण्याची नसून निद्रानाश, सकाळची डोकेदुखी, उदास मन किंवा सतत थकवा अशी असते, आणि घरातले लोक ती वयावर ढकलून मोकळे होतात.

फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांच्या निधनाचे कारण डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया असे सांगितले, तेव्हा झोपेतच मृत्यू येईल ही भीती अनेकांच्या मनात बसली. बहुतेक रुग्णांचे नुकसान मात्र वर्षानुवर्षे, हळूहळू होते. प्रत्येक अडथळ्याबरोबर ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, अ‍ॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके उसळतात आणि रक्तदाब चढतो. रात्रीतून हे शेकडो वेळा घडले की दिवसाचा रक्तदाबही खाली येईनासा होतो. तीन औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर झोपेची चौकशी व्हायलाच हवी. बंद घशाविरुद्ध छाती ओढ घेते तेव्हा हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो. एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित ठोक्यांशी अ‍ॅप्नियाचा जवळचा संबंध आहे, आणि त्याच ताणामुळे स्रवणारे एक संप्रेरक लघवीचे प्रमाण वाढवते. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणारे कित्येक पुरुष प्रोस्टेटचे उपचार घेत राहतात आणि श्वासाकडे कोणाचेच लक्ष जात नाही. पक्षाघात, मधुमेह, नैराश्य आणि स्मरणाच्या तक्रारी यांच्याशीही संबंध आढळला आहे. सेंट्रल प्रकारात पुष्कळदा दिशा उलटी असते: हृदयविकार किंवा पक्षाघात आधी होतो आणि श्वासाची लय त्यामुळे बिघडते.

यानंतर छातीविकारतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा झोपेच्या विकारांचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडे जावे. खर्चाचा प्रश्न असेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या महापालिका रुग्णालयाच्या ओपीडीतून सुरुवात करावी आणि झोपेची चाचणी कोठे करता येईल ते तेथेच विचारावे. चाचणी दोन तऱ्हांनी होते. रुग्णालयात रात्रभर होणाऱ्या पॉलिसोम्नोग्राफीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, नाकातील हवेचा प्रवाह, छाती-पोटाचे पट्टे, ऑक्सिजन आणि ईसीजी यांची नोंद होते. घरी करायच्या चाचणीत मेंदूच्या लहरी बहुधा नसतात, त्यामुळे खरी झोप किती तास लागली ते कळत नाही, आणि श्वास थांबण्याचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. घशातील अडथळ्याचा दाट संशय असलेल्या, अन्यथा निरोगी माणसाला घरची चाचणी पुरते. हृदय कमकुवत असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, फुप्फुसाचा गंभीर आजार असेल किंवा मॉर्फिन, ट्रॅमाडॉल यांसारखी ओपिऑइड वेदनाशामके दीर्घकाळ चालू असतील, तर रुग्णालयातील चाचणीचाच आग्रह धरावा. केवळ बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरून दोन प्रकारांतील फरक कळत नाही.

अहवाल हाती आला की लोक एकच आकडा पाहतात, तो म्हणजे एएचआय: तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा लक्षणीय मंदावला. किमान 10 सेकंद टिकलेला प्रसंगच त्यात मोजतात. 5 पेक्षा कमी सामान्य, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र, असे वर्गीकरण आहे. परंतु त्याखालच्या ओळी अधिक महत्त्वाच्या असतात. प्रसंगांपैकी किती ऑब्स्ट्रक्टिव्ह, किती सेंट्रल आणि किती मिश्र, ऑक्सिजन कोठवर उतरला, 90 टक्क्यांखाली किती वेळ राहिला, आणि उताण्या झोपेत आकडा वेगळा होता का, हे डॉक्टरांना एकेक करून विचारावे.

घशाच्या अडथळ्यावर मध्यम व तीव्र रुग्णांसाठी सीपॅप हा मुख्य उपचार आहे. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये तो प्रथम मांडला. मास्कमधून सतत दाबाने येणारी हवा घसा उघडा ठेवते. त्याचा परिणाम किती तास वापरले यावर अवलंबून असतो, आणि येथे प्रामाणिक राहायला हवे: 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेव्ह या मोठ्या अभ्यासात सीपॅपमुळे दिवसाची झोपाळूपणाची तक्रार कमी झाली, पण हृदयविकार आणि पक्षाघात कमी झालेले दिसले नाहीत, तेथे सरासरी वापर रात्री साडेतीन तासांहूनही कमी होता. वजन घटवल्याने फरक पडतो. एका दीर्घकालीन अमेरिकी पाहणीत 10 टक्के वजन घटण्याबरोबर एएचआयमध्ये सुमारे 26 टक्के घट अपेक्षित असल्याचे आढळले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2024 मध्ये लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र अडथळ्यासाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला मान्यता दिली. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. सौम्य प्रकारात कुशीवर झोपणे, रात्रीचे मद्य टाळणे, किंवा दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारे उपकरण बनवून घेणे पुरेसे ठरू शकते. लहान मुलांचा विषय वेगळा आहे. तेथे बहुधा टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड पाहावे लागतात.

सेंट्रल प्रकारात आधी मूळ कारण हाताळतात: हृदयाची औषधे नीट बसवणे, ओपिऑइड डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करणे. लेहला गेल्यावर पहिल्या रात्री निरोगी माणसाचाही श्वास असाच थांबत-थांबत चालतो, तो उंचीमुळे, आणि खाली उतरल्यावर पूर्ववत होतो. काही रुग्णांत घशाचा अडथळा सीपॅपने दूर झाल्यावर सेंट्रल प्रसंग नव्याने दिसू लागतात; पुष्कळांत ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात, पण नोंद ठेवावी लागते. श्वासागणिक दाब बदलणारे एएसव्ही नावाचे यंत्र या प्रकारासाठी वापरतात. मात्र 2015 च्या सर्व्ह-एचएफ अभ्यासात हृदयाचे इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला हृदय आपल्यातील किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा) 45 टक्के किंवा कमी असलेल्या रुग्णांमध्ये या यंत्रामुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले आढळले. म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहिल्याशिवाय आणि हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

मशीन घरी आल्यावर आपल्या हवामानाचा विचार करावा. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा दमट करणाऱ्या पाण्याच्या टाकीत, डिस्टिल्ड वॉटर घालावे, उरलेले पाणी रोज सकाळी ओतून टाकी कोरडी करावी, कारण पावसाळ्यात तेथे बुरशी धरते. एसीच्या खोलीत नळी गार पडून आत थेंब साचत असतील तर आर्द्रता कमी करावी किंवा नळी पांघरुणाखालून घ्यावी. जवळपास बांधकाम चालू असेल तर फिल्टर लवकर मळतो. वीज जात असेल तर शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर ठेवावा आणि त्यावर चालवताना ह्युमिडिफायर बंद करावा. वापरलेले मशीन स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. 2021 मध्ये फिलिप्सने आतील फोमच्या दोषामुळे अनेक मॉडेल्स जगभरातून परत मागवली होती.

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर रात्री लावणे हा पर्याय नाही. ऑक्सिजनने बंद घसा उघडत नाही आणि काही रुग्णांत कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर नेणाऱ्या किंवा रात्री टॅक्सी चालवणाऱ्या चालकाला स्टिअरिंगवर डुलकी आली असेल, तर उपचार लागू पडेपर्यंत त्याने रात्रीच्या फेऱ्या थांबवाव्यात. आणि कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी मोतीबिंदूची असली तरी, भूलतज्ज्ञाला अ‍ॅप्नियाविषयी आधी सांगावे आणि रुग्णालयात जाताना मास्कसह मशीन सोबत न्यावे.